पृथ्वीच्या पोटांतील पेव

आपल्या हातून घडलेली चूक दुसऱ्यानें विसरावी असें वाटलें म्हणजे आपण त्याला ती 'पोटांत घाला' अशी विनंति करतों. मराठी भाषेंतील हा प्रयोग मोठा अर्थपूर्ण आहे. चूक त्यायोगें नाहींशी होत नाहीं. ती कोणाच्या तरी पोटांत जाऊन राहते, आणि ज्याच्या पोटांत जाते त्याला ती सोसावी लागते. आई मुलांचे अपराध पोटांत घालते, वडील माणसें धाकट्यांचे घालतात. आणि जिला आपल्या पूर्वजांनीं सर्वंसहा हें नांवच दिलें, ती पृथ्वी सर्वांचेच घालते असें आपण म्हणत आलों आहों. आजवर हें बोलणें अलंकारिक होतें. गेल्या तीस वर्षांत मात्र असा एक उद्योग निघाला आहे कीं, जो ही विनंति पृथ्वीला अक्षरशः करतो. कोळसा, तेल व नैसर्गिक वायु यांवर चालणाऱ्या कंपन्या आपल्या धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड, ज्याला मराठींत कर्बवायु म्हणतात, तो पकडून व दाबून जमिनीखालीं किलोमीटर-दोन किलोमीटर खोल कायमचा सोडूं पाहत आहेत.

हें करणें योग्य कीं अयोग्य, याचा निर्णय इंजिनिअरांनीं द्यावा असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें त्या प्रश्नाचा अर्धाच भाग इंजिनिअरांचा आहे. उरलेला अर्धा नीतीचा आहे. आणि तो सातारा-सांगलीकडील सुशिक्षित माणसानें तरी दुसऱ्यावर सोपवूं नये. तसें कां, हें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

आधीं वस्तुस्थिति पाहूं. कोळशावर तयार झालेल्या विजेच्या एका युनिटामागें जवळजवळ एक किलो कर्बवायु हवेंत जातो. तो डोळ्यांना दिसत नाहीं, त्याला वास नाहीं, आणि एकदां वर गेला म्हणजे त्यांतील बराच भाग शतकानुशतकें तेथेंच राहून पृथ्वीची ऊब वाढवीत असतो. इंधनें जाळल्यामुळें व सिमेंटच्या भट्ट्यांमुळें जगांत दरवर्षीं सुमारें ३,७०० कोटी टन कर्बवायु बाहेर पडतो. त्यांत भारताचा वाटा सुमारें ३०० कोटी टनांचा आहे. दरडोई हिशेबानें तो अमेरिकेसारख्या राष्ट्राहून पुष्कळच कमी, पण एकूण बेरजेनें तिसऱ्या क्रमांकाचा. २०७० पर्यंत हा हिशेब शून्यावर आणूं, असें भारतानें २०२१ सालीं ग्लासगो येथील परिषदेंत जाहीर केलें आहे.

धुरांतून हा वायु वेगळा काढतां येतो. वातावरणाच्या सुमारें ७३ पट दाबाखालीं आणि ३१ अंश सेल्सिअसच्या वर तो ठेवला म्हणजे तो धड वायु राहत नाहीं व धड द्रवहि होत नाहीं. द्रवासारखा दाट, पण वायूसारखा पसरणारा असा बनतो. जमिनीखालीं सुमारें ८०० मीटरांच्या पलीकडे असा दाब आपोआप मिळतो. तितक्या खोलीवर सच्छिद्र खडक व त्यावर घट्ट खडकाचें झांकण असेल, तेथें तो सोडावयाचा. नॉर्वेनें १९९१ सालीं कर्बवायूवर कर बसविला. तो कर चुकावा म्हणून तेथील तेल कंपनीनें १९९६ पासून उत्तर समुद्राच्या तळाखालीं, स्लाइपनर येथें, दरसाल दहा लाख टनांच्या घरांत वायु सोडण्यास सुरुवात केली. सद्बुद्धीपेक्षां कराच्या भीतीनें झालेला हा आरंभ आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां आपल्याकडे वळूं. सह्याद्रीचा जो काळा कातळ आहे, ज्यावर अजिंक्यतारा आणि सज्जनगड उभे आहेत, त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वर आलेल्या लाव्ह्याचे थरावर थर बसून तो झाला, आणि आजहि तो सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर भूमि व्यापून आहे. या कातळांत चुना, मॅग्नेशियम व लोह यांचीं द्रव्यें विपुल आहेत. पाण्यांत विरघळलेला कर्बवायु त्यांना भेटला म्हणजे त्यांच्याशीं संयोग पावून त्याचा दगड होतो. साताऱ्याकडे काय किंवा सांगलीकडे काय, विहीर खणतांना काळ्या कातळाच्या पोकळ्यांतून पांढरे चकाकणारे स्फटिक निघतात. त्यांतील कांहीं कॅल्साइटाचे, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याचे असतात. पूर्वीं केव्हां तरी कर्बवायु पाण्याबरोबर तेथें झिरपला व दगड होऊन बसला, याचीच ती खूण. जें निसर्गानें सावकाश केलें तेंच आइसलंडमध्यें माणसानें घाईनें करून पाहिलें. २०१२ सालीं तेथील हेलिशेइडी वीजकेंद्राजवळ सव्वादोनशें टनांच्या आसपास वायु पाण्यांत विरघळवून बेसाल्टांत सोडला. दोन वर्षांच्या आंतच त्यांतील शेंकडा ९५ हून अधिक भागाचा दगड झाला, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. अमेरिकेंत वॉलुला येथें २०१३ सालीं सुमारें एक हजार टन वायु पाण्यावांचून बेसाल्टांत सोडला. तेथेंहि पुढें कातळांत नवे खनिज-कण सांपडले. मुंबईच्या आयआयटींतील शास्त्रज्ञांनीं २०२१ सालीं असा अंदाज केला कीं, भारतांतील बेसाल्टांत ९,७०० ते ३१,६०० कोटी टन कर्बवायु मावूं शकेल. ज्या अंदाजाचीं दोन टोकें तिपटीहून अधिक अंतरावर आहेत, त्यावर कोणी आजच इमारत उभारूं नये हें खरें. तथापि आपल्या पायाखालचा कातळ हा या व्यवहारांत मोलाचा माल ठरूं पाहत आहे, एवढें त्यावरून निश्चित होतें. सातारा-सांगलींत अशी कंपनीची योजना उभी नाहीं. ती दारांत उभी राहण्यापूर्वींच विचार करून ठेवणें बरें. दारांत आल्यावर विचार करण्यास लागणारी शांतता राहत नाहीं.

जमिनीच्या पोटांत वस्तु ठेवण्याची विद्या सांगलीकरांना कोणी नव्यानें शिकविण्याचें कारण नाहीं. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर गांव आहे. तेथील माती अशी कांहीं चिवट आहे कीं, वीस-पंचवीस फूट खोल खणलेली पोकळी आपल्याच अंगानें उभी राहते व आंत ओल शिरत नाहीं. हेंच पेव. तोंड माणूस उतरेल इतकेंच, पोट मात्र मोठें. पिढ्यान् पिढ्या सांगलीची हळद या पेवांत राहिली, आणि वर्षानुवर्षें राहिली तरी तिला कीड लागली नाहीं. पेव उघडण्याचीहि एक रीत असे. झांकण काढल्याबरोबर कोणी आंत उतरत नसे. धान्य काय किंवा हळद काय, बंद जागेंत राहिली म्हणजे आंतला प्राणवायु सरतो व हाच कर्बवायु सांठतो. म्हणून तोंड बराच वेळ उघडें टाकीत, दिवा खालीं सोडून पाहत, आणि तो विझला नाहीं तरच माणूस उतरे. ही सावधगिरी न पाळल्यामुळें पेवांत गुदमरून माणसें गेल्याच्या हकीकती खेडोपाडीं अजून सांगतात.

या पेवाच्या व्यवहारांत तीन गोष्टी होत्या. पहिली ही कीं, आंत ठेवलेली वस्तु हवीशी होती. धनी ती परत काढण्यासाठींच ठेवीत असे, आणि म्हणून तिच्यावर त्याचें लक्ष असे. दुसरी ही कीं, कोणत्या पेवांत कोणाचा माल आहे हें ठाऊक असे. तिसरी ही कीं, पेव, पेवाचा धनी व पेवाच्या शेजारीं राहणारा माणूस हीं सर्व एकाच गांवचीं; नुकसान झालें तर कोणाच्या ओसरीवर जाऊन बसावयाचें हें सर्वांस माहीत असे. इतकें असूनहि २००५ च्या महापुरांत यांतील पुष्कळ पेवें निकामी झालीं, आणि हळद बहुतेक गुदामांत व शीतगृहांत गेली. पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव एका पुरापुढें टिकला नाहीं. परंतु ज्याचा माल गेला त्याला तो कोणाचा होता हें तरी माहीत होतें.

कर्बवायूचें पेव या तिन्ही कसोट्यांना सहजासहजीं उतरत नाहीं. आंत ठेवलेली वस्तु कोणालाच परत नको आहे. उलट ती पुन्हा कधीं दिसूं नये हाच ठेवण्याचा हेतु. जी वस्तु परत हवी नसते तिच्याकडे वळून पाहण्याची बुद्धि होत नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे. ती कोणाची, हा प्रश्नहि पुढें धूसर होत जातो. आणि ठेवणारा एका गांवचा, नफा घेणारा दुसऱ्या गांवचा, व जमिनीवर राहणारा तिसऱ्याच गांवचा, असा प्रकार होण्याचा संभव फार. आमच्या मतें सर्व प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. भूमीच्या पोटांत कांहीं ठेवणें हें पाप नव्हे. ठेवलेल्या वस्तूला धनी न राहणें, हें पाप.

येथें दोन प्रकारचे आक्षेपक पुढें येतील. पहिला म्हणेल कीं, भूमि ही माता. तिच्या पोटांत विष कोंडणें हेंच मुळीं अधर्म्य आहे. हें मत आदरणीय असलें तरी आम्हांस मान्य नाहीं. ज्या मातेच्या पोटांतून आपण कोळसा उपसून काढला, विहिरी व खाणी खणल्या, तिच्या पोटांत तोच कर्ब परत ठेवणें हें उपसण्यापेक्षां अधिक पाप कसें होईल? शिवाय कांहीं धूर असा आहे कीं जो टाळतांच येत नाहीं. चुनखडी भाजली कीं कर्बवायु निघणारच, मग भट्टीखालीं जळण कोणतेंहि असो; आणि सिमेंट म्हणजे मुख्यतः भाजलेली चुनखडी. धरणें, शाळा, दवाखाने बांधावयाचे तर हा वायु कोठें तरी ठेवावा लागणार. वीजच नको असें म्हणणेंहि सोपें नाहीं. म्हैसाळ व टेंभू योजनांच्या पंपांनीं कृष्णेचें पाणी चढावर उचललें जातें तेव्हां जत-आटपाडीकडील शिवारें भिजतात. ते पंप विजेवरच चालतात.

दुसरा आक्षेपक याच्या अगदीं उलट बोलेल. तो म्हणेल, शास्त्र सिद्ध आहे, खडक तयार आहे, कंपन्या पैसा घालण्यास राजी आहेत; मग नीतीचा घोळ कशाला? याला उत्तर म्हणून आम्ही त्या कंपन्यांचाच इतिहास पुढें ठेवतों. अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं कोळशाच्या एका वीजकेंद्राला जोडून पेट्रा नोव्हा नांवाचें यंत्रागार २०१७ सालीं सुरू झालें. पकडलेला वायु ते जुन्या तेलविहिरींत सोडीत. त्याच्या दाबानें उरलेलें तेल वर येई, आणि त्या तेलाच्या विक्रींतून खर्च निघे. २०२० सालीं तेलाचा भाव कोसळला, आणि धूर पकडणारें यंत्र बंद पडलें. वीजकेंद्राचें धुराडें चालूच राहिलें. पुढें २०२३ सालीं यंत्र पुन्हा सुरू झालें. त्यांनीं बेकायदा कांहीं केलें नाहीं. परंतु बाजारभाव उतरल्याबरोबर ज्याचें सत्कर्म थांबतें, त्याच्या हातीं हजार वर्षांची राखण देतां येईल काय?

राखण म्हणजे काय, हेंहि अनुभवानेंच कळूं लागलें आहे. अल्जीरियांत इन सालाह येथें तीन मोठ्या तेल कंपन्यांनीं २००४ पासून वायु सोडला; वरचें झांकण दाबानें तडकेल अशी शंका आल्यावर २०११ सालीं तें थांबविलें. अमेरिकेंत डिकेटर येथें मक्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्याचा वायु जमिनीखालीं सोडला जात होता. २०२४ सालीं असें आढळून आलें कीं, नजर ठेवण्यासाठीं खणलेली विहीरच गंजून तिच्यांतून वायु भलत्या थरांत शिरला होता. तो पिण्याच्या पाण्यापर्यंत पोंचला नाहीं, ही समाधानाची गोष्ट. पण पहारेकऱ्याचीच भिंत फुटावी यांत विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. आणि वायु खालीं जाण्यापूर्वीं तो नळांतून आणावा लागतो. २०२० च्या फेब्रुवारींत मिसिसिपी प्रांतांतील सटार्टिया गांवाजवळ असा नळ फुटला. हवेहून जड असलेला वायु सखल भागांत पसरला, प्राणवायूवांचून मोटारी जागच्या जागीं बंद पडल्या, आणि पंचेचाळीस माणसांना दवाखान्यांत न्यावें लागलें. कोणी दगावलें नाहीं. हरिपूरच्या माणसाला पेवाच्या तोंडाशीं जें ज्ञान होतें तें त्या गांवांतील लोकांना कोणीं आधीं नीट दिलें असतें, तर त्यांची दैना कमी झाली असती.

युरोपांतील राष्ट्रांनीं २००९ सालीं याविषयीं नियम केला. पेव बंद केल्यावर साधारणपणें किमान वीस वर्षें कंपनीनें जबाबदार राहावें, वायु स्थिर झाल्याची खात्री पटवावी, पुढील तीस वर्षांच्या देखरेखीचा तरी खर्च भरावा, आणि मग जबाबदारी सरकारनें घ्यावी. व्यवहाराच्या दृष्टीनें हा नियम शहाणपणाचा आहे. कंपनी ही चिरंजीव नसते, राज्य तिच्याहून अधिक टिकतें. तरी नीतीच्या दृष्टीनें त्यांत एक खोंच आहे. नफ्याचीं वर्षें कंपनीचीं आणि पहाऱ्याचीं वर्षें आमच्या नातवंडांचीं, अशी ही वांटणी आहे. बाप कर्ज करून मेला तर तें फेडणें मुलाचें कर्तव्य, असें आपण मानतों. पण शेजारच्यानें केलेलें कर्ज, केवळ तो आपल्या आळींत राहत होता म्हणून आपल्या मुलांनीं फेडावें, असें कोणत्याच स्मृतीनें सांगितलेलें नाहीं.

आतां कोयनेकडे जाऊं; कारण या प्रश्नाला सातारा जिल्ह्यानें एक उत्तर पूर्वींच देऊन ठेवलें आहे. पाटण तालुक्यांतील कोयनेच्या धरणांत १९६२ पासून पाणी सांठूं लागलें. त्यानंतर लहान लहान धक्के जाणवूं लागले, आणि १९६७ च्या डिसेंबरची ११ तारीख उजाडण्यापूर्वींच ६.३ महत्तेचा भूकंप होऊन कोयनानगर उद्ध्वस्त झालें; पावणेदोनशें किंवा त्याहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. हा कातळ स्थिर आहे, येथें भूकंप व्हावयाचा नाहीं, असा तोपर्यंत सर्वांचा समज होता. जलाशयांतील पाण्याचा भार व खोल भेगांत शिरलेला दाब यांनीं आधींच ताणलेला खडक सरकूं शकतो, याचें कोयना हें आज जगांतील सर्वांत मोठें उदाहरण मानलें जातें. योगायोग असा कीं, त्याच सुमारास अमेरिकेंत डेन्व्हर येथें लष्करी कारखान्याचें सांडपाणी १९६२ पासून खोल विहिरींत सोडीत होते. तेथेंहि धक्के सुरू झाले, १९६६ सालीं सोडणें थांबविलें, आणि तरीहि त्यांतील सर्वांत मोठे धक्के १९६७ सालींच बसले. भूमि पोटांत घालते हें खरें. पण ती मुकाट्यानें घालतेच असें नाहीं, आणि आपण थांबलों म्हणजे तीहि त्याच क्षणीं थांबते असेंहि नाहीं.

कोयनेच्या या पोटांत डोकावण्यासाठीं केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानें कराडजवळ हजारमाची येथें प्रयोगशाळा स्थापिली आहे. तिच्या वतीनें २०१७ पर्यंत पाटण तालुक्यांतील गोठणें येथें तीन किलोमीटर खोल विंधणविहीर खणली गेली. तींत सव्वा किलोमीटरपर्यंत बेसाल्ट लागला आणि त्याखालीं कोट्यवधि वर्षें जुना ग्रॅनाइट. आणि हा खडक ताणाच्या टोकाशीं आलेला आहे, किंचित् कारणानेंहि तो ढळूं शकतो, असें अनुमान निघालें. म्हणजे वायु कोंडण्यास पुरेशी जाडी येथें आहे, आणि न कोंडण्यास पुरेसें कारणहि येथेंच आहे. दख्खनचा सर्वच कातळ कोयनेसारखा नाहीं, हें आम्ही जाणतों. पण कोयनेचा कातळ कोणता व इतर कोणता, हें आधीं खणून पाहिल्याशिवाय सांगतां येत नाहीं, हाच कोयनेचा धडा आहे. आणखी एक अडचण पाण्याची. आइसलंडच्या पद्धतीनें एक टन वायु विरघळविण्यास सुमारें पंचवीस टन पाणी लागतें. माण-खटावकडे, जेथें पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागते, तेथें हा हिशेब नुसता सांगितला तरी पुरे.

परंतु कोयनेचा याहून मोठा धडा भूगर्भशास्त्राचा नव्हे. ज्यांच्या जमिनी शिवसागराखालीं गेल्या त्या लोकांनीं महाराष्ट्राच्या दिव्यांसाठीं आपलीं घरें सोडलीं. सुमारें १,९६० मेगावॅट शक्तीचा हा प्रकल्प मुंबई-पुण्याच्या भरभराटीचा एक आधार झाला. आणि त्यांच्यापैकीं कित्येक कुटुंबांचा पुनर्वसनाचा प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत रेंगाळत राहिला. पुढें त्याच तालुक्यांतील वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पाणी दिलें, जमीन दिली, वारा दिला. आतां यांच्याच पायाखालच्या कातळानें दूरच्या धुराड्यांचा धूरहि घ्यावा असें कोणी म्हणूं लागलें, तर त्याच्यापाशीं त्यांना देण्यासारखें काय आहे हें त्यानें आधीं सांगितलें पाहिजे. ज्यानें एकदां दिलें त्याच्याकडेच पुन्हा मागावें, ही मागणाऱ्याला सोयीची रीत आहे. पण दात्याची सहनशीलता म्हणजे त्याची संमति नव्हे.

आतांपर्यंत आम्ही कंपन्यांकडे बोट दाखविलें. तें आपल्याकडेहि वळविल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. कंपनी धूर काढते तो स्वतःच्या हौसेसाठीं नव्हे. आपण बटण दाबतों म्हणून काढते. आपल्या घरांतील गारवा, आपल्या मोटारी, आपल्या बंगल्यांचें सिमेंट यांचाच तो धूर आहे. म्हणूनच जमिनीखालच्या पेवाची कल्पना आपल्या वर्गाला इतकी गोड वाटते: कांहीं न सोडतां सर्व सुटल्यासारखें होतें. आपल्या धर्मशास्त्रांत प्रायश्चित्त सांगितलें आहे. पण प्रायश्चित्ताला अनुताप लागतो, आणि तें कर्म पुन्हा न करण्याचा निश्चय लागतो. पुढच्या वर्षींचें पाप सुखानें करतां यावें म्हणून यंदा प्रायश्चित्त आगाऊ घेऊन ठेवणाऱ्याला कोणी पापभीरु म्हणणार नाहीं. आज जगांत असा वायु पकडण्याची सारी यंत्रें मिळून वर्षाला सुमारें पांच कोटी टन पकडूं शकतात. आणि धूर आहे ३,७०० कोटी टनांचा. शिवाय पकडण्याच्या कामालाच वीजकेंद्राची पंचमांश ते चतुर्थांश शक्ति खर्चीं पडते. म्हणजे पेवाच्या भरंवशावर नवीं धुराडीं उभारणें, हें घागरीच्या भरंवशावर कृष्णेचा पूर अडविण्यास निघण्यासारखें आहे.

मग निष्कर्ष काय? आम्ही पेवाला विरोध करीत नाहीं. पेवाला धनी मागतों. जो धूर कोणत्याहि उपायानें टळत नाहीं त्याच्यासाठींच तें असावें, टळण्यासारख्या धुरासाठीं नसावें. वायु कोणाचा हें नांव त्यावर कायम राहावें. आणि पहाऱ्याचा सर्व खर्च, जोंवर नफा चालू आहे तोंवरच, कंपनीनें वेगळा काढून सार्वजनिक विश्वस्तांच्या हातीं द्यावा. मोजमापें रोजच्या रोज गांवाला वाचतां येतील अशा मराठींत चावडीवर लागावींत. आणि ज्या गांवाखालीं तें पेव व्हावयाचें, त्या गांवाला 'नाहीं' म्हणण्याचा खराखुरा अधिकार असावा. ज्याला 'नाहीं' म्हणतां येत नाहीं त्याच्या 'हो' ला किंमत नाहीं. कृष्णाकांठच्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळी आंबतांना जवळजवळ शुद्ध कर्बवायु निघतो. मद्यार्क जितका, जवळजवळ तितक्याच वजनाचा. तो उसानें हवेंतूनच घेतलेला असतो, म्हणून तो कातळांत ठेवला तर हवेचें ओझें खरोखर हलकें होईल. भूकंपाच्या पट्ट्यापासून दूर, शास्त्रज्ञांच्या पूर्ण तपासणीनंतर, येथें कधीं काळीं पहिला लहान प्रयोग व्हावयाचाच असेल, तर तो अशा ठिकाणीं व्हावा असें आम्हांस वाटतें. कारण तेथें ऊंस पिकविणारा, कारखान्याचा सभासद आणि त्या जमिनीवर राहणारा हे बहुधा एकच असतात. आपलें ओझें आपल्याच पायाखालीं ठेवणारा माणूस झांकण नीट बसवितो.

मराठींत 'पेव फुटणें' असाहि एक वाक्प्रचार आहे. कोंडलेलें एकाएकीं बाहेर पडून आवरेनासें झालें म्हणजे तो आपण वापरतों. ज्या लोकांनीं ही भाषा घडविली त्यांना पेवाचा उपयोग माहीत होता, आणि पेवाची भीतिहि माहीत होती; म्हणून ते दिवा सोडून पाहिल्याशिवाय आंत उतरत नसत. आपल्यापुढचें पेव त्यांच्या पेवाहून पुष्कळ खोल आहे, आणि त्याचें तोंड उघडण्याची पाळी आपल्यावर नव्हे, आपल्या मागून येणारांवर येणार आहे. त्यांनीं तें उघडलें तर आंत कातळ झालेला धूर सांपडावा, आणि त्यावर आपलें नांव स्पष्ट वाचतां यावें, इतकी तरी काळजी आपण घेतली पाहिजे.